पत्ता तपासावा

"तुझं यंत्र नास्तिक आहे," दिगूकाका म्हणाले.

मी खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले. सकाळी नीट चाललेली फाइल आता चालत नव्हती. खाली लाल अक्षरांत तक्रार आली होती, आणि फाइलच्या अगदी माथ्यावर, पहिल्याच ओळीत, काकांनी दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या देऊन लिहिलं होतं : ॥ श्री ॥

"काका, हे तुम्ही परत घातलंत."

"तू काढलंस म्हणून घातलं. मुळात ते होतंच."

"त्यानंच अडलंय."

"श्रीनं आजवर कुणाचं अडलेलं नाही. काय म्हणतंय ते लाल अक्षरांत?"

"ते विचारतंय, ही कुठली भाषा?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "श्रीला विचारतंय?"

वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये तालमीला जमलेली मंडळी आमच्याकडे बघायला लागली. कोपऱ्यात सतरंजीवर काकांच्या पत्नी इंदूकाकू गवार निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "पोरीला काम करू द्या. देव पहिल्या ओळीवरून रुसत नाही."

"तुला त्यातलं कळत नाही," काका म्हणाले.

त्या वर्षी माझी पुण्यातली कंपनी बंद पडली होती आणि मी बार्शीला घरी येऊन बसले होते. गल्लीतली माणसं दिवसाआड विचारायची, "सुट्टी अजून आहे वाटतं?" दिगूकाका आमचे शेजारी. निवृत्त पोस्टमास्तर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सायंतारा कलामंडळाचे लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख नट. मंडळाचा दिवे सांभाळणारा माणूस शारजाला नोकरीला गेला, आणि सोलापूरची विभागीय हौशी नाट्यस्पर्धा तोंडावर आली, तेव्हा काका आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "प्रणोती, तू कॉम्प्युटरची आहेस. दिवे लावता येतील ना?"

माझ्या वतीनं आईनं उत्तर दिलं. "येतील की. बसूनच असते."

पाच दिवे एका डब्याला जोडायचे, डबा लॅपटॉपला जोडायचा, इथपर्यंत सोपं होतं. पण दिवा कधी लागायचा, किती लागायचा, हे काकांनाच ठरवायचं होतं, आणि तेही रोज नव्यानं. म्हणून मी ठरवलं की काकांना स्वतःला लिहिता येईल अशी एक छोटी भाषाच त्यांना करून द्यायची. मी लिस्प नावाच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या घराण्यातली एक भाषा वापरायचे. या घराण्याची एक खोड आहे. तिच्या पोटात आपण आपली वेगळी भाषा तयार करू शकतो. फाइलच्या पहिल्या ओळीत त्या भाषेचं नाव घालायचं. यंत्र आधी ती ओळ वाचतं, त्या नावाचं व्याकरण शोधून काढतं, आणि मग खालचा सगळा मजकूर त्या व्याकरणानं वाचतं. पहिल्या ओळीत नावच नसेल तर ते पुढे सरकत नाही.

मूळ लिस्प मी काकांना दाखवली होती. ती सगळी कंसांनी भरलेली असते. काका ती बघून म्हणाले, "वाक्याला कुंपण घातलंय. आत कुणी राहतं का?"

म्हणून कंस गेले, मराठी आली. मराठी आल्यावर काकांनी अटी घातल्या. यंत्राला अरे-तुरे करायचं नाही, आपल्याला त्याच्याकडून काम करून घ्यायचं आहे. क्रियापद शेवटीच यायला हवं. हळूहळू त्या भाषेला पोस्टाचा वास यायला लागला. 'उजेड पाड' नाही, तर 'उजेड पाडावा'. 'चंद्र दाखवावा'. 'अंधार करावा'. नावं ठरवायची असतील तर 'म्हणजे' वापरायचं. काकांनी आपल्या हातानं लिहिलेल्या पहिल्या ओळी अशा होत्या :

आबा म्हणजे पहिला दिवा.
मुलगा म्हणजे दुसरा दिवा.
देवघर म्हणजे तिसरा दिवा.
खिडकी म्हणजे चौथा दिवा.

त्यानंतर 'आबांवर उजेड पाडावा' असं लिहिलं की यंत्र 'वर' तोडायचं, 'आबां'चं 'आबा' करायचं आणि खुर्चीच्या डोक्यावरचा दिवा लावायचं. 'दार'चं 'दारावर' होतं, 'खिडकी' मात्र तशीच राहून 'खिडकीवर' होते, हे यंत्राला समजावताना मी रडकुंडीला आले होते. पाचवा दिवा कामाला आला नाही, म्हणून तो स्वयंपाकघराच्या दारावर नुसताच टांगून ठेवला होता.

यंत्राला न कळलेली ओळ आली तर त्यानं काय म्हणावं, हेही काकांनीच ठरवलं. मी 'चूक' असं ठेवलं होतं. काकांना ते उद्धट वाटलं. त्यांनी लिहून दिलं : 'आपला निरोप पोहोचला नाही. पत्ता तपासावा.'

तर आता श्रीचा प्रश्न होता. काका तो काढायला तयार नव्हते आणि यंत्र तो वाचायला तयार नव्हतं. घरी जाऊन मी विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी तालमीला आल्यावर फाइल उघडून त्यांच्यापुढे ठेवली. पहिल्या ओळीत होतं : #lang shree

"हे काय?"

"भाषेचं नाव बदललं. आता आपल्या भाषेचं नावच श्री आहे. पहिल्या ओळीत श्री आला नाही तर फाइल चालणारच नाही."

काकांनी ओळ दोनदा वाचली. "देवनागरीत नाही का होत?"

"तेवढ्या एका ओळीत रोमन अक्षरंच चालतात."

"असू दे. आमच्याकडे इंग्रजी पत्त्याची पत्रंसुद्धा पोहोचायची." मग त्यांनी सुरुवातीच्या चिन्हावर बोट ठेवलं. "आणि ही जाळी?"

सतरंजीवरून इंदूकाकू म्हणाल्या, "तोरण समजा."

काकांना ते पटलं, पण ते काकूंकडून आलंय हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, सांगता येत नाही. ते "चला, पहिला प्रवेश," म्हणून खुर्चीत जाऊन बसले.

नाटकाचं नाव 'आबांची खुर्ची'. आबा, म्हणजे काका, निवृत्त हेडमास्तर. परदेशातला मुलगा घर विकायला सांगायला येतो. आबा नकार देतात, भाषण करतात, आणि शेवटी खुर्चीतच प्राण सोडतात. मुलाचं काम मोबाइलचं दुकान चालवणारा किरण लोंढे करायचा. आबांच्या बायकोचं काम इंदूकाकूंचं. त्यांना एकूण चार वाक्यं होती. 'चहा ठेवू का?', 'ठेवते चहा.', 'चहा निवला.' आणि 'दुसरा ठेवते.'

"तुमची वाक्यं पाठ आहेत ना काकू?" मी एकदा विचारलं.

"पाठ आहेत. 'निवला'मध्ये जरा वाव आहे," काकू म्हणाल्या.

बाकी वेळ त्या गवार, मेथी, जे असेल ते निवडत बसायच्या, आणि काका मोठ्या भाषणात अडले की संहितेकडे न बघता पुढचा शब्द सांगायच्या. काका तो शब्द उचलून पुढे जायचे, जणू तो त्यांना स्वतःलाच सुचला होता.

सोलापूरला आमचा प्रयोग दुपारचा होता. तिथे एक नवी सोय मिळाली. नाट्यगृहाचा प्रोजेक्टर. काकांना मागच्या पांढऱ्या भिंतीवर खिडकी आणि चंद्र हवा होता. बार्शीत मी तो नुसता लॅपटॉपवर दाखवायचे. आता प्रोजेक्टर जोडला आणि अख्ख्या भिंतीवर चंद्र आला. काका हात मागे बांधून त्याच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आता स्पर्धा आपली."

एक गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. यंत्राचे निरोप मी चित्राच्या खालच्या कडेला येतील असे ठेवले होते, कारण तालमीत मला ते वाचायला सोपे जायचे. चित्र भिंतीवर जाणार म्हणजे निरोपही भिंतीवर जाणार.

पहिला अंक झकास झाला. मी विंगेत स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसले होते. एक ओळ संपली की यंत्र थांबायचं, मी एंटर दाबला की पुढची ओळ. आबांवर उजेड पडला, देवघरात मंद दिवा लागला, चंद्र वेळेवर उगवला. परीक्षक पहिल्या रांगेत काहीतरी लिहीत होते. प्रेक्षक बऱ्यापैकी होते, आणि जागे होते.

दुसऱ्या अंकात काकू स्वयंपाकघराच्या दाराशी येतात आणि विचारतात, 'चहा ठेवू का?' त्यावर मुलगा आत येऊन म्हणतो, 'चहा नको, आधी निर्णय सांगा.' आणि भांडण सुरू होतं.

काकू आल्या. "चहा ठेवू का?"

किरण आला नाही.

मी दुसऱ्या विंगेत पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. मागून कुठून तरी दार धडाधड वाजवल्याचा आवाज येत होता. रंगपटाची कडी बाहेरून अडकली होती आणि किरण आत होता. आमच्यातली दोन माणसं तिकडे पळाली.

"चहा ठेवू का?" काकूंनी पुन्हा विचारलं.

आबा खुर्चीत ताठ बसले होते. मुलाच्या वाक्याशिवाय त्यांना पुढचं वाक्य नव्हतं. स्वतः लिहिलेल्या नाटकात त्यांना बोलायला काही उरलं नव्हतं.

"ठेव," ते शेवटी म्हणाले.

"ठेवते चहा." हे पुढच्या प्रवेशातलं वाक्य होतं. काकूंनी ते आताच खर्चून टाकलं. त्या आत गेल्या, आणि आत करायला काही नसल्यामुळे परत आल्या. "चहा निवला."

प्रेक्षकांत खसखस पिकली. 'निवला'मध्ये खरंच वाव होता.

"निवला तर निवला," आबा म्हणाले.

"दुसरा ठेवते."

चारही वाक्यं संपली. मागं दार वाजतच होतं. आता मला दिसलं की उजेड सगळा आबांवर आहे आणि काकू बोलत आहेत त्या अंधारातून. रंगमंचावर दोनच माणसं, त्यातलं एक दिसत नाही. फाइलमध्ये पुढची ओळ 'मुलावर उजेड पाडावा' अशी होती आणि मुलगा कडीआड होता. आमच्या यंत्रात एक सोय होती. फाइल चालू असतानाच खालच्या पट्टीत एखादी सुटी ओळ टाइप केली, तर यंत्र ती तिथल्या तिथे पाळतं. मी घाईघाईनं टाइप केलं : काकूंवर उजेड पाडावा.

आणि एंटर दाबला.

चंद्राच्या खाली, वीतभर उंच अक्षरांत, भिंतीवर उमटलं : आपला निरोप पोहोचला नाही. पत्ता तपासावा.

प्रेक्षागृह हसलं. आबांनी मान वळवून भिंत वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. ती अक्षरं त्यांनीच लिहून दिली होती. मग काकू वळल्या. त्यांनी सावकाश वाचलं, आणि पुन्हा प्रेक्षकांकडे तोंड केलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "भिंतीनं तरी सांगितलं."

हे वाक्य नाटकात नव्हतं.

माझ्या तेव्हाच लक्षात आलं. यंत्राला आबा माहीत होते, मुलगा माहीत होता, देवघर आणि खिडकीही माहीत होती. काकू कोण, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी टाइप केलं : काकू म्हणजे पाचवा दिवा. मग पुन्हा : काकूंवर उजेड पाडावा.

स्वयंपाकघराच्या दारावरचा दिवा लागला. काकूंनी डोळ्यांवर हात धरला, वर बघितलं, आणि हात खाली घेतला.

"आबासाहेब," त्या म्हणाल्या, "या घरात खुर्चीला दिवा आहे, देवाला दिवा आहे, खिडकीला तर चंद्र आहे. मला आज पहिल्यांदा दिसतंय मी कुठं उभी राहते ते."

"इंदू," आबा हळूच म्हणाले. आबांच्या बायकोचं नाटकातलं नाव जानकी होतं.

"थांबा, माझं व्हायचंय. लग्न ठरलं तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, नाटकाची आवड आहे का? मी हो म्हटलं. मला वाटलं, बघायला न्याल." प्रेक्षक मोठ्यांदा हसले. काकू थांबल्या, पदर सारखा केला, हसू ओसरू दिलं. त्यांना हे कुणी शिकवलं होतं, देव जाणे. "पहिल्या नाटकात मी मोलकरीण होते. दुसऱ्यात शेजारीण. तिसऱ्यात आजारी. वाक्यच नव्हतं, नुसतं खोकायचं होतं. चांगली खोकले होते मी. डॉक्टर बघायला आले होते, ते म्हणाले, एकदा दवाखान्यात येऊन जा."

आता परीक्षकही हसत होते. एकाचं पेन खाली पडलं.

"तुमच्या सगळ्या नाटकांतली सगळी वाक्यं मला पाठ आहेत," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुम्ही अडलात की मी सांगते. तुम्ही झोपेत बरळता तेसुद्धा कुठल्या अंकातलं आहे, मला कळतं. मी काही मागत नाही. फक्त एक सांगा. माझं एक तरी वाक्य तुम्हाला आठवतं का?"

कुणी हसलं नाही. आबा खुर्चीत बसून राहिले. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. आणि या वेळी आतून सांगणारं कुणी नव्हतं.

तेवढ्यात मागं काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि किरण घामाघूम होऊन दारातून आत आला. "चहा नको," तो म्हणाला, "आधी निर्णय सांगा."

"थांब रे जरा," काकू म्हणाल्या.

त्यावर टाळ्या पडल्या त्या कितीतरी वेळ थांबेनात. टाळ्या विरल्यावर काकू आत गेल्या आणि नाटक पुढे सरकलं. काकांनी भाषण केलं आणि खुर्चीत प्राण सोडला, पण सगळं घाईनं. मरताना त्यांचं लक्ष पाचव्या दिव्याकडे होतं.

मंजूर संहितेबाहेरचा मजकूर सादर केला म्हणून आमचा प्रयोग स्पर्धेतून बाद झाला. जाहीर करताना परीक्षक ओशाळले होते. जीपमध्ये काका ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मागच्या सीटवर किरण दहादा म्हणाला, "कडी बाहेरून लागली होती हो, आईशप्पथ." काकू भाकरी आणि शेंगाचटणी सगळ्यांना वाटत होत्या. काकांना त्यांनी पुढे हात लांब करून दिली. काकांनी घेतली.

मला वाटलं, सायंतारा संपलं. दोन-तीन दिवस मी त्यांच्या दारावरून जायचंही टाळलं. मग एका सकाळी काका स्वतःच ओट्यावर आले.

"लॅपटॉप घेऊन ये. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला आपलं नाटक मागितलंय."

मी गेले. काका घराच्या सोप्यात पाट पुढ्यात घेऊन बसले होते. आतून फोडणीचा आवाज येत होता.

"त्या दिवशी तू ऐन वेळी एक ओळ लिहिलीस. काय लिहिलं होतंस?"

"काकू म्हणजे पाचवा दिवा."

"ती फाइलमध्ये घाल."

"खिडकीच्या खाली घालू?"

"आबांच्या वर घाल." ते भिंतीला टेकून बसले. "आता संहिता उघड. दुसरा अंक. 'दुसरा ठेवते'च्या पुढे. मी सांगतो ते लिही."

त्यांनी डोळे मिटले. "'बरं झालं. भिंतीनं तरी सांगितलं.' पूर्णविराम. 'आबासाहेब, या घरात खुर्चीला दिवा आहे, देवाला दिवा आहे, खिडकीला तर चंद्र आहे.' तिनं 'तर' म्हटलं होतं, तो गाळू नकोस. 'मला आज पहिल्यांदा दिसतंय मी कुठं उभी राहते ते.' मग माझं एक वाक्य आहे, ते चुकीचं नाव आहे, पण राहू दे तसंच."

मी टाइप करत होते. काका एकदाही अडले नाहीत. लग्न, नाटकाची आवड, मोलकरीण, शेजारीण, खोकला, डॉक्टर, सगळं आलं. "इथं ती थांबली, पदर सारखा केला. कंसात लिही. कंस चालतील इथं." आवाज त्यांचा होता, पण वाक्यांची चाल काकूंची होती. आतली फोडणी केव्हा थांबली, मला कळलं नाही.

"'तुम्ही झोपेत बरळता तेसुद्धा कुठल्या अंकातलं आहे, मला कळतं. मी काही मागत नाही.' पूर्णविराम. मग किरण येतो." काकांनी डोळे उघडले. "झालं."

काकू हातात उलथनं घेऊन दारात उभ्या होत्या. "शेवटचं वाक्य राहिलं, 'आठवतं का'चं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग?"

काका पाटावर बोटानं काहीतरी गिरवत राहिले. "ते आता कशाला?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या आत वळता वळता मला म्हणाल्या, "लिही गं तू. प्रेक्षकांना काय माहीत?"